ऐकू येतंय का?

एसटीच्या कपाळावर गावाच्या नावाऐवजी 'प्रासंगिक करार' अशी पाटी दिसली, की समजायचं, वऱ्हाड तरी निघालंय नाहीतर सहल तरी. १९९४च्या जानेवारीत एका पहाटे साडेचार वाजता सोलापुरात आमच्या कॉलेजच्या फाटकासमोर तशी पाटी लावलेली लाल गाडी उभी होती. टी. वाय. बी. एस्सी., फिजिक्स. बत्तीस मुलं-मुली, विभागप्रमुख सर, एक मॅडम, प्रयोगशाळेतले मामा आणि मागच्या सीटवर रचून ठेवलेल्या सतरंज्या. विजापूर आणि हंपी, तीन दिवस, माणशी साडेतीनशे रुपये. माझ्या मांडीवर आईनं बांधून दिलेला डबा होता. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि संक्रांत जवळ आलेली म्हणून गूळपोळ्या.

त्यानंतर मी पुष्कळ हिंडले. ताजमहाल पाहिला, कन्याकुमारीचा सूर्योदय पाहिला, मुलीकडे गेले तेव्हा नायगारासुद्धा पाहून आले. लोक सांगतात तेवढ्याच त्या जागा सुंदर आहेत, उगाच नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण सहल म्हटलं की माझ्या नाकात अजून डिझेलचा आणि गूळपोळीचा एकत्र वास येतो. आणि त्या वासाबरोबर माझी पार्टनर आठवते.

तिचं नाव इथे लिहीत नाही. लिहू नकोस, असं तिनंच बजावलंय. प्रॅक्टिकलला आम्ही दोघी एका टेबलावर असायचो. मी रीडिंग घ्यायचे, ती लिहायची. तिचं अक्षर मोत्यासारखं आणि माझे डोळे व्हर्नियरवर पक्के. सगळा वर्ग आम्हाला 'पार्टनर' म्हणायचा आणि हळूहळू आम्हीही एकमेकींना तेच म्हणायला लागलो. ती उमरगा तालुक्यातली. आईवडील नोकरीच्या गावी, पण ती लहानाची मोठी झाली आजोळी, आजीजवळ. बारावीनंतर सोलापूरच्या हॉस्टेलवर आली. दर सोमवारी गावाहून परतताना तिच्या पिशवीत आजीनं दिलेला काहीतरी खाऊ असायचा. त्यातला निम्मा माझा.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका संपवून गावंच्या गावं दमून झोपली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. सोलापुरात आमच्या घरातली मांडणी खडखडली, आम्ही सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर आलो आणि उजाडेपर्यंत तिथेच बसून राहिलो. सकाळी रेडिओवर किल्लारीचं नाव ऐकलं. मग एकेक नावं येत गेली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली.

पार्टनरची आजी त्यांतली एक.

आमच्या वर्गातली मुलं एन. एस. एस.च्या गाडीतून तिकडे गेली. परत आली तेव्हा कुणी फारसं बोलत नव्हतं. पार्टनर पंधरा दिवसांनी कॉलेजात आली. वह्या पूर्ण केल्या, प्रॅक्टिकलं केली, सगळं पहिल्यासारखं. फक्त आजीचा विषय ती काढायची नाही आणि आम्हीही काढायचो नाही. आम्हाला वाटायचं, आपण तिला जपतोय.

यंदा सहल नकोच, असा एक सूर वर्गात होता आणि तो चुकीचा नव्हता. सरांनी कुणाला समजावत बसण्यापेक्षा थेट पार्टनरला बोलावून विचारलं. ती म्हणाली, घरी विचारते. तिच्या आईचं पोस्टकार्ड आलं. त्यात एवढंच होतं, की जाऊन ये, आजी असती तर तिनंच पाठवलं असतं. मग आम्ही निघालो.

टाकळीला भीमा ओलांडली तेव्हा पूर्व नुकती उजळत होती. नदी ओलांडली की कर्नाटक. पण सोलापूरच्या माणसाला हे कर्नाटक परकं वाटत नाही. आमच्या गल्लीत एका दारात मराठी, दुसऱ्या दारात कानडी आणि तिसऱ्या दारात तेलुगू. वर्गातली निम्मी मुलं घरी कानडीच बोलायची. वाटेत चहाच्या टपरीवर "ऊटा आय्ता?", म्हणजे जेवण झालं का, असं त्यांनी विचारलं की टपरीवाल्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटायची आणि चहा कपभर जास्त मिळायचा. दोन्हीकडे काळी रानं, ज्वारी कमरेच्या वर आलेली, हुरड्याचे दिवस. गाण्याच्या भेंड्यांचा आवाज इतका, की ड्रायव्हरकाका मध्येच हॉर्न वाजवून 'म' वर गाणं सुचवत होते.

आणि मग, गाव अजून लांब असताना, क्षितिजावर तो घुमट दिसला. विजापूरला सोलापूरकडून जाताना गोलघुमट असाच दिसतो. आधी एक राखी टेकाड वाटतं आणि जवळ जावं तसं ते टेकाड उंच होत जातं. गाडीत आपोआप शांतता झाली.

मोहम्मद आदिलशहाची ही कबर. १६५६ साली, तो गेला त्या वर्षी, काम जिथे होतं तिथे थांबलं. आतून घुमटाचा व्यास ३८ मीटरच्या आसपास आहे आणि एवढ्या मोठ्या छताखाली एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी चौकोनाचा हळूहळू गोल करत नेतात आणि तो सगळा भार भिंतींवर उतरवतात. सरांनी आम्हाला आधी खाली मधोमध उभं केलं आणि नुसतं वर बघायला सांगितलं. त्यांची ती पद्धतच होती. कुठेही गेलं की पहिली पाच मिनिटं माहिती नाही, वही नाही, फोटो नाही. नुसतं उभं राहायचं. छत्तीस फोटोंचा एक रोल बत्तीस जणांत होता, त्यामुळे फोटोचा मोह तसाही कमीच.

चार कोपऱ्यांवर सात-सात मजल्यांचे मनोरे आहेत. त्यांच्या आतून जिना चढायचा. पायऱ्या उंच आणि अरुंद, अंधार, पुढच्याच्या टाचा आणि मागच्याचा श्वास. वर गेलं की उघडी गच्ची लागते आणि तिथून दार ओलांडून आत गेलं की घुमटाच्या पायथ्याशी फिरणारा गोल सज्जा. तिथे आमच्या आधी शाळेच्या दोन सहली पोचलेल्या होत्या. शिट्ट्या, टाळ्या, एकमेकांच्या नावानं हाका. एक आवाज काढला की तो सात वेळा परत येतो, म्हणून प्रत्येकजण सात वेळा मोजून बघत होता. असं वाटत होतं, की त्या घुमटात पाऊस पडतोय आवाजांचा.

सर त्या शाळांच्या शिक्षकांना जाऊन भेटले. काय बोलले कोण जाणे, पण त्यांनी मुलांना खाली नेलं आणि पुढच्या दहा मिनिटांपुरता सज्जा आमचा झाला.

"आता जोड्या करा," सर म्हणाले. "समोरासमोर. एकानं भिंतीकडे तोंड करून बोलायचं, अगदी हळू. दुसऱ्यानं भिंतीला कान लावायचा. बाकीच्यांनी श्वाससुद्धा जपून घ्या."

ध्वनी असा अंतर्वक्र भिंतीला धरून सरपटत जातो, हे आम्ही पुस्तकात वाचलेलं होतं. लॉर्ड रॅले यांनी लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधल्या सज्जावरून त्याचा उलगडा केला आणि पुढे आपल्या सी. व्ही. रामन यांनीही अशा घुमटांवर काम केलं. मोकळ्या हवेत आवाज चहूकडे पसरतो आणि विरतो. इथे भिंत त्याला विरू देत नाही. पुढे ढकलत राहते. अर्धा घेर साठ मीटरचा धरला आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर, तर किती वेळ लागेल, हे सरांनी तिथेच तोंडी काढायला लावलं होतं. सेकंदाचा जवळपास सहावा हिस्सा.

आमची पाळी आली. पार्टनर चालत पलीकडे गेली. एवढ्या अंतरावरून तिची निळी ओढणी फक्त ओळखू येत होती. ती भिंतीकडे वळली. मी गार दगडाला कान लावला.

"ऐकू येतंय का?"

अगदी कानाशी. जणू ती माझ्या मागे उभी राहून बोलत होती. मला तिचा श्वाससुद्धा ऐकू आला. मी हसले, काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात ती पुढचं बोलली.

"पार्टनर, मला आजीचा आवाज आठवेनासा झालाय. चेहरा आठवतो, लुगडं आठवतं, हात आठवतात. आवाज येत नाही. रात्री जागून आठवायला बघते. येतच नाही."

मी तशीच कान लावून उभी राहिले. मला वीस वर्षं पूर्ण झालेली नव्हती. कुणी माझ्याजवळ इतकं आतलं काही बोललेलं नव्हतं आणि अशा बोलण्याला काय उत्तर असतं हे मला ठाऊक नव्हतं. पुढची जोडी खोळंबली होती. मी भिंतीपासून बाजूला झाले. पार्टनर चालत परत आली, माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आणि मी म्हणाले, "अगं, नीट ऐकूच नाही आलं. खालच्या मुलांचा गोंगाट होता ना."

"बरं," ती म्हणाली.

ते 'बरं' मी नंतर कितीतरी वर्षं ऐकत राहिले.

पुढचा दिवसभर मी तिच्या बाजूला बसून होते, पण बोलले दुसऱ्यांशीच जास्त. विजापुरात आम्ही मलिक-ए-मैदान तोफ पाहिली. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, ५५ टनांची. तोंडाला सिंहाचा जबडा कोरलाय आणि त्या जबड्यात हत्ती. विजयनगर आणि दख्खनचे सुलतान यांच्यातल्या तालिकोटच्या लढाईत ती होती असं सांगतात. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि तिथून १६३२ साली विजापूरला आणली. परांडा म्हटल्यावर पार्टनर म्हणाली, "म्हणजे आमच्याच जिल्ह्यातून आली." भर दुपारच्या उन्हातही तोफेचं अंग हाताला गार लागत होतं. ती बराच वेळ त्यावर तळहात ठेवून उभी होती.

कोल्हारला कृष्णा लागते. तिथे मडक्यातलं दही विकायला बायका गाडीच्या खिडक्यांपाशी येतात. मडकं आडवं केलं तरी दही सांडत नाही, इतकं घट्ट. भाकरी, शेंगाची चटणी आणि ते दही. ज्यांनी खाल्लंय त्यांना आणखी काही सांगायला नको.

संध्याकाळी इलकलला गाडी अर्धा तास थांबवली. आपण ज्याला इरकल म्हणतो ते लुगडं इथलं. मुलं चहाला गेली, आम्ही मुली एका विणकराच्या घरात शिरलो. हातमागावर एक बाई बसली होती. या साडीचं अंग आणि पदर यांचे ताणे वेगळे असतात. अंगाचा सुती, पदराचा तांबडा रेशमी. दोन्हींच्या धाग्यांची टोकं फाशासारखी एकमेकांत अडकवून जोडतात आणि मग विणत पुढे जातात. तिनं ते आम्हाला जवळ बसवून दाखवलं. एकेक धागा, एकेक फासा, बोटं इतकी भरभर चालत होती की बघताना डोळ्यांना ताण पडावा. पार्टनरनं त्या जोडावरून बोट फिरवलं. "आजीच्या लुगड्याला इथे एक गाठ लागायची हाताला," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नव्हे. बाईला मराठी कळत नव्हतं, पण तिनं मान वर करून पार्टनरकडे पाहिलं आणि माग थांबवला.

होस्पेटला पोचायला रात्रीचे साडेनऊ झाले. एका शाळेच्या हॉलमध्ये मुक्काम. मुलींच्या सतरंज्या भिंतीच्या कडेनं ओळीनं टाकल्या. पार्टनरनं तिची सतरंजी दाराजवळ टाकली. भूकंपानंतर ती नेहमी दाराजवळच झोपायची, उशाशी टॉर्च आणि दाराकडे तोंड केलेल्या चपला. दारातून गार वारा येत होता म्हणून बाकीच्या मुली आतल्या बाजूला सरकल्या. दिवे गेल्यावर मी बराच वेळ छताकडे बघत पडून होते. मग उठले आणि माझी सतरंजी ओढत तिच्याजवळ नेली. ती काही बोलली नाही. मीही नाही.

हंपीबद्दल लिहायला बसलं की कुठून सुरुवात करावी कळत नाही. १३३६ साली स्थापन झालेलं विजयनगर, कृष्णदेवरायाच्या काळात परदेशी प्रवाशांनी डोळे विस्फारून वर्णन केलेलं शहर, आणि १५६५च्या तालिकोटनंतर महिनोन्महिने लुटलं गेलेलं. आता तुंगभद्रेच्या काठी मैलोन्मैल पसरलेले दगड. पण त्यातला कुठला दगड माणसानं रचलाय आणि कुठला देवानं, हे एका नजरेत सांगता येत नाही. टेकड्याच मुळी कुणीतरी खेळता खेळता एकावर एक धोंडे रचल्यासारख्या.

सकाळी आम्ही विरूपाक्षाच्या देवळात गेलो. इथे पूजा आजही चालू आहे. पूर्वेचं गोपूर नऊ मजली, जवळपास ५० मीटर उंच. सरांनी आम्हाला देवळाच्या मागच्या बाजूला एका अंधाऱ्या खोलीत नेलं आणि दाराशी थांबवून म्हणाले, "डोळे अंधाराला सरावेपर्यंत कुणी बोलायचं नाही."

आधी काहीच दिसलं नाही. मग भिंतीवर एक उजेडाचा ठिपका. मग त्या ठिपक्याला कडा आल्या, पायऱ्या आल्या, मजले आले. गोपूर! उलटं. कळस खाली, पाया वर. समोरच्या भिंतीतल्या एका लहानशा फटीतून बाहेरच्या त्या प्रचंड गोपुराचा उजेड आत येत होता आणि भिंतीवर उलटा उमटत होता. आठवीत आपण सगळ्यांनी बुटाच्या खोक्याला भोक पाडून आणि तेलाचा कागद लावून केलेला 'सूचिछिद्र प्रतिमाग्राहक' हाच. फरक इतकाच, की हे खोकं दगडाचं होतं आणि काही शतकं जुनं.

पार्टनर पुढे झाली. पिशवीतून प्रॅक्टिकलचं जर्नल काढलं, कोरं पान उघडलं आणि उजेडाच्या वाटेत धरलं. गोपूर भिंतीवरून तिच्या पानावर आलं. तिनं जर्नल फटीच्या जवळ नेलं, तसं ते लहान झालं आणि लखलखीत झालं. लांब नेलं, तसं मोठं होत गेलं आणि पुसट. पुन्हा जवळ, पुन्हा लांब. "पार्टनर, रीडिंग घे!" ती म्हणाली आणि हसली. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा मी तिला मोकळं हसताना ऐकलं. मी खरंच पट्टी काढली आणि अंधारात डोळे ताणून गोपुराची उंची मोजली. ती नोंद अजून तिच्या जर्नलमध्ये आहे. अडीच सेंटिमीटर.

बाहेर आल्यावर, हेमकूट टेकडीवरच्या देवळांपाशी, तिनं सरांना विचारलं, "सर, हे दगड मातीशिवाय उभे आहेत. आमची घरं का पडली?"

सर तिथेच दगडावर बसले. आम्ही भोवती बसलो. त्यांनी हातातल्या दोन वह्या उभ्या धरल्या. ही घराची भिंत, म्हणाले. आतून एक थर, बाहेरून एक थर, दोन्ही न घडवलेल्या गोल धोंड्यांचे आणि मध्ये माती. दोन्ही थरांना आरपार बांधून ठेवणारा दगडच नाही. वर माळवद. दरवर्षी पावसाआधी त्यावर नवी माती टाकायची, म्हणजे वजन वाढतच गेलेलं. जमीन हलली की हे दोन थर एकमेकांपासून सुटतात, आणि त्यांनी वह्या दोन बाजूंना पडू दिल्या. इथे प्रत्येक दगड घडवलेला, एकात एक बसवलेला. पण लगेच त्यांनी हेही सांगितलं, की इथल्या जमिनीला तसा धक्का बसला असता तर यातलं काय राहिलं असतं हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. "तुझ्या आजीनं किंवा गावातल्या कुणीही काही चुकीचं केलं नव्हतं, बाळ. ऊन-थंडीसाठी ती घरं उत्तम होती." पार्टनर मान खाली घालून ऐकत होती. तिनं ते सगळं आकृतीसकट लिहून घेतलं.

बाकीचं धावतच झालं. एकाच दगडातला उग्र नरसिंह, कमळमहाल, हत्तींच्या पागा, महानवमी दिब्बा. दुपारी विठ्ठल मंदिर. दगडी रथ, ज्याचं चित्र आता ५० रुपयांच्या नोटेवर आहे. आणि ते सूर देणारे ५६ खांब. तिथला वाटाड्या बोटानं टिचकी मारून दाखवत होता. आम्हाला मात्र सरांनी हात लावू दिला नाही. "कान लावा, हात नको," म्हणाले. "आपण बत्तीस जण. आपल्यामागून येणारे किती?" एका सडपातळ खांबातून खरोखर घंटेसारखा सूर आला. ग्रॅनाइटमधून.

गाभारा रिकामा आहे. सोलापूरच्या माणसाला तो बघवत नाही. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात. कृष्णदेवरायानं विठ्ठलाची मूर्ती विजयनगरला नेली आणि पैठणच्या भानुदासांनी, म्हणजे एकनाथांच्या पणजोबांनी, ती परत आणली, ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकलेली. ती कथा ज्या उंबऱ्यापाशी घडली असं म्हणतात, तिथे आम्ही उभे होतो. वर्गातल्या एका मुलाच्या घरी वारी होती. त्यानं न राहवून "पुंडलिक वरदे" अशी ललकारी दिली आणि बत्तीस गळ्यांतून "हाऽरि विठ्ठल" उमटलं. पलीकडे झाडू मारत असलेली म्हातारी झाडू ठेवून हात जोडून उभी राहिली.

मार्चमध्ये परीक्षा झाली आणि आम्ही पांगलो. मी बँकेत लागले, पुण्याला आले. पार्टनरनं बी. एड. केलं आणि उमरग्याकडेच शाळेत विज्ञान शिकवायला लागली. पत्रं, मग फोन, मग व्हॉट्सॲप. लग्नं, बाळंतपणं, बदल्या. मला कितीतरी वेळा वाटलं की तिला सांगावं. पण प्रत्येक वेळी दोन्हीकडे काही ना काही चालू असायचं, आणि जितका उशीर होत गेला तितकं ते सांगणं अवघड होत गेलं.

२०२४च्या जानेवारीत आम्ही दोघी पुन्हा गेलो. यावेळी आधी हंपी आणि येताना विजापूर. रस्ता चौपदरी झालाय. होस्पेटचं होसपेटे आणि विजापूरचं विजयपुरा झालंय, पण आमच्या तोंडी जुनीच नावं. विरूपाक्षासमोरच्या बाजारातल्या दगडी मंडपांत तेव्हा माणसं राहत होती, दुकानं होती, चुली पेटायच्या. २०११मध्ये ते सगळं हटवलं. आता ओळ मोकळी आहे. स्मारकासाठी ते गरजेचं होतं असं म्हणतात, आणि असेलही. पण तिथल्या एका खानावळीत आम्ही जेवलो होतो आणि ती मावशी आता कुठे असेल, हे मनातून जाईना. विठ्ठल मंदिराकडे बॅटरीवरच्या गाडीतून जावं लागतं आणि सुरांच्या खांबांना हात लावायला बंदी आहे. सर असते तर त्यांना बरं वाटलं असतं.

उलटं गोपूर जिथल्या तिथे होतं. पार्टनरनं पिशवीतून कोरा कागद काढला. दरवर्षी ती सातवी-आठवीच्या मुलांकडून बुटाच्या खोक्याचा कॅमेरा करून घेते, त्यामुळे कागद धरायची तिची सवय आता इतकी सराईत, की आजूबाजूच्या अनोळखी पोरांचा घोळका तिच्याभोवती जमला. ती त्यांना हिंदीत, मराठीत, मोडक्या कानडीत समजावत राहिली. मी मागे भिंतीला टेकून बघत होते.

विजापुरात आम्ही मुद्दाम राहिलो आणि सकाळी गोलघुमटाचं दार उघडताच आत शिरलो. गुडघ्यांनी जिना मोजून घेतला. सज्जात कुणीही नव्हतं. फक्त पारव्यांची फडफड आणि ती फडफडही सात वेळा.

"जाऊ पलीकडे?" मी विचारलं.

"तू थांब, मीच जाते," ती म्हणाली.

"नाही. आज मी जाते."

मी चालत गेले. भिंत गोल असल्यामुळे आपण किती चाललो ते कळत नाही, वाट संपतच नाही असं वाटतं. अर्ध्यावर पोचून मागे पाहिलं तर ती भिंतीला कान लावून उभी होती. मी दगडाजवळ तोंड नेलं. घसा कोरडा पडला होता.

"पार्टनर, त्या दिवशी मला ऐकू आलं होतं. सगळं. मी खोटं बोलले. काय बोलायचं ते कळलं नव्हतं मला."

मग मी कान लावला. बराच वेळ नुसता श्वास. तिचा की माझाच फिरून आलेला, सांगता येत नव्हतं.

"माहीत होतं गं," ती म्हणाली. "रात्री सतरंजी ओढत आलीस ना, तेव्हाच कळलं."

माझ्या हाताखालचा दगड ओला झाला.

"आवाज आठवला का पुढे?" मी विचारलं.

"नाही आठवला. पण मामा म्हणतो, आईचा आवाज आता हुबेहूब तिच्यासारखा झालाय. मी आईला रोज फोन करते."

जिन्यात पावलांचा गलका झाला. कुठल्या तरी शाळेची सहल वर येत होती. गच्चीच्या दारातून पहिला मुलगा आत धावला, वर घुमटाकडे बघत थबकला आणि त्यानं छाती भरून स्वतःच्याच नावाची हाक मारली.